जुनी मोटरसायकल : कार्बोरेटर कधी उघडायचा, शॉकअप कसा लावायचा

"कार्बोरेटर साफ करून आणला, आठ दिवस गाडी बरी चालली, पुन्हा मिसिंग सुरू." "मागचा शॉकअप कडक करून घेतला, तरी खड्ड्यात गाडी दणकतेच." जुनी मोटरसायकल वापरणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या दोन तक्रारी सतत असतात आणि शेवटी प्रश्नही ठरलेला असतो : नवा कार्बोरेटर घेऊ का? नवे शॉकअप टाकू का? बहुतेकांना माझं उत्तर आहे, इतक्यात नको. आधी मापं घ्या, ती वहीत लिहा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कुणालाच सांगता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मेकॅनिकलाही नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. हा लेख त्याआधीच्या गाड्यांसाठी आहे : जुनी स्प्लेंडर, पॅशन, युनिकॉर्न, पल्सर, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आणि १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली यामाहा आरएक्स १००. कामाला लागण्यापूर्वी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. इथली मापं दिशा दाखवण्यापुरती आहेत. तुमच्या गाडीचा शेवटचा आकडा मॅन्युअलमधलाच धरा.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी या जागा बघा

कार्बोरेटरवर ढकलल्या जाणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात दुसरीकडच्या असतात. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट किंवा दिवा नाही याची खात्री करून पुढच्या गोष्टी तपासा.

- पेट्रोलची धार. कॉकखालची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग हवी. सुरुवातीला नीट येऊन मग थेंब थेंब झाली, तर टाकीचं झाकण सैल करून पुन्हा बघा. धार वाढली म्हणजे झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. गाडी पाच-दहा किलोमीटरवर बंद पडते आणि थोडं थांबल्यावर सुरू होते, या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.
- एअर फिल्टर. धुळीने भरलेला फिल्टर मिश्रण रिच करतो, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. फाटलेला किंवा नीट न बसलेला फिल्टर धूळ थेट सिलिंडरपर्यंत पोचवतो. फिल्टर काढून गाडी चालवू नका, 'आवाज भारी येतो' म्हणून तर नाहीच.
- प्लग. टोकाचा रंग बिस्किटासारखा हवा. काळी, कोरडी काजळी म्हणजे मिश्रण रिच. पांढरट टोक म्हणजे लीन, पेट्रोल कमी. नुसती आयडलवर ठेवलेली गाडी बंद करून प्लग बघण्यात अर्थ नाही. मोकळ्या रस्त्यावर चालवून आल्यावर बघा. बाहेर काढलेला प्लग गरम असतो, हे विसरू नका.
- इनटेकचं रबर. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर जुनं होऊन बारीक चिरतं आणि तिथून जादा हवा ओढली जाते. गाडी आयडलवर ठेवून त्या रबराभोवती साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर चीर सापडली. यासाठी कार्ब क्लीनर वापरू नका, तो गरम इंजिनाजवळ पेट घेऊ शकतो.
- टॅपेट. फोर स्ट्रोक गाडीचे टॅपेट घट्ट झाले असतील तर गाडी गरम झाल्यावर सुरू व्हायला त्रास देते आणि आयडल एका जागी थांबत नाही. गॅप थंड इंजिनावर, फीलर गेजने मोजायची असते.

हे सगळं ठीक असूनही तक्रार राहिली, तरच कार्बोरेटरकडे वळा.

किती थ्रॉटलवर बिघडतं, ते आधी ठरवा

कार्बोरेटरचा प्रत्येक भाग थ्रॉटलच्या ठरावीक टप्प्यात काम करतो. मुठीजवळच्या स्थिर भागावर एक आणि मुठीवर चार खुणा चिकटपट्टीने करा : बंद, पाव, अर्धा, पाऊण. मग नेहमीच्या रस्त्यावर जा आणि गाडी कोणत्या खुणेला अडखळते ते लिहून ठेवा. वेगाचा किंवा गिअरचा इथे संबंध नाही, थ्रॉटल किती उघडला आहे तेवढंच बघायचं.

- बंद ते साधारण एक अष्टमांश : स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू.
- एक अष्टमांश ते पाव : स्लाइडच्या तळाचा तिरका काप. हा भाग सहसा बदलावा लागत नाही.
- पाव ते पाऊण : सुई आणि तिच्या खालचं छिद्र. रोजच्या शहरी वापरात बहुतेक वेळ गाडी याच टप्प्यात असते.
- पाऊण ते पूर्ण : मेन जेट.

आयडलला नीट चालणारी आणि अर्ध्या थ्रॉटलवर झटके देणारी गाडी घेऊन गेलात आणि कुणी फक्त आयडलचे स्क्रू फिरवून दिले, तर तक्रार जाणार नाही. 'ट्यूनिंग'च्या नावाखाली नेमकं एवढंच काम करून मिळण्याचे प्रसंग पुष्कळ. खुणेची नोंद हातात असेल, तर तुम्ही ते तिथेच थांबवू शकता.

साफसफाईचा क्रम

१. कॉक बंद करा. फ्लोटच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी पाण्याचा थर किंवा तांबडा गाळ दिसला, तर दोष टाकीत आहे. टाकीचा गंज काढल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी आठ दिवसांत पुन्हा तेच होणार. लेखाच्या सुरुवातीच्या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच कारण दिसतं.

२. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसेपर्यंत किती वळसे जातो ते मोजून लिहा. हाच तुमचा मूळ आकडा. स्क्रू टेकल्यावर जोर लावला तर त्याच्या निमुळत्या टोकाला कडं पडतं आणि बसायची जागाही खराब होते. मग आयडल कधीच स्थिर राहत नाही.

३. वाटी उघडण्यासाठी खाचेत घट्ट बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या. जेट पितळेचे, म्हणजे मऊ. लहान स्क्रू ड्रायव्हरने खाच एकदा गेली की जेट निघता निघत नाही.

४. फवारा मारण्यापूर्वी सगळी रबरं, ओ-रिंग आणि डायफ्रॅम काढून बाजूला ठेवा. कार्ब क्लीनरने ती फुगतात. दीडशे सीसी आणि त्यावरच्या अनेक गाड्यांत स्लाइड डायफ्रॅमने उचलली जाते. तो उजेडासमोर धरून टाचणीएवढं भोक नाही ना, ते बघा. असं भोक असलं तर आयडल ठीक राहतो पण गाडी ओढत नाही.

५. जेट उजेडाकडे धरून बघा. छिद्र पूर्ण गोल दिसलं पाहिजे. त्यात तार किंवा सुई घालू नका. जेटवरचा आकडा त्या छिद्राचं माप सांगतो आणि तारेने छिद्र किंचित मोठं झालं तरी तो आकडा खोटा ठरतो. क्लीनर आणि हवेचा दाब एवढं पुरेसं आहे. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

६. फ्लोटच्या पिनचं निमुळतं टोक बघा. त्यावर कडं उमटलं असेल तर पिन बदला. ओव्हरफ्लो तिथूनच होतो. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे मिलिमीटरमध्ये मोजा. ही पायरी गॅरेजमध्ये सर्रास गाळली जाते, पण उंची चुकली की वरचे सगळे टप्पे एकदमच रिच किंवा लीन होतात.

७. जोडल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल उघडून सोडा. स्लाइड 'टक्' आवाज करून खाली आली पाहिजे. हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवूनही हेच करून बघा. स्लाइडची खाच पिनवर बसली नसेल किंवा केबल ओढली जात असेल, तर गाडी सुरू होताच रेस वाढलेली राहील, आणि यात जीव जाऊ शकतो.

ट्यूनिंग

गाडी चार-पाच किलोमीटर चालवून पूर्ण गरम करा. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग तासाभरात चुकतं. मग मिश्रणाचा स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते बघा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा स्क्रू आहे : बाहेर काढला की मिश्रण लीन. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू : बाहेर काढला की रिच. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस उलट्या दिशेने फिरवत बसतो.

पाव पाव वळसा फिरवत इंजिन सर्वांत जास्त आणि एकसारखं फिरतं ती जागा शोधा. मग आयडलच्या स्क्रूने रेस खाली आणा. पुन्हा पाव वळसा पुढे-मागे करून खात्री करा. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच फोर स्ट्रोक गाड्यांचा आयडल १४०० फेऱ्यांच्या आसपास असतो. आता थ्रॉटल झटकन उघडून सोडा. रेस वर अडकून हळूहळू उतरत असेल तर मिश्रण लीन. आयडलच्याही खाली जाऊन मग सावरत असेल तर रिच. मूळ आकड्यापासून एका वळशाहून जास्त लांब जावं लागलं, तर थांबा. स्लो जेट अजून बुजलेला आहे किंवा कुठून तरी हवा आत येते आहे.

आरएक्स १०० आणि इतर टू स्ट्रोक गाड्यांसाठी वेगळी सूचना. पेट्रोल वाचवण्यासाठी मिश्रण लीन करायला लावू नका. लीन मिश्रणाने पिस्टन जादा तापतो आणि सिलिंडरमध्ये चिकटतो. ऑइल पंपाच्या नळीत हवेचे बुडबुडे नाहीत आणि पंपाच्या खुणा जुळतात, हे कार्बोरेटरआधी बघा. बाजारात या गाडीचे नकली जेट पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावरच्या आकड्यावर विसंबता येत नाही. जुना, मूळ कार्बोरेटर फेकू नका. त्याच्या बॉडीला नवी पिन आणि ओ-रिंग टाकून तो बहुधा पुन्हा उभा राहतो.

ई-२० पेट्रोल आणि जुनी गाडी

ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. यावर आता सर्वांत जास्त प्रश्न येतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तितक्याच हवेला ई-२० जरा जास्त लागतं. इंजेक्शनच्या ज्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर असतो, त्या इंधन आपोआप वाढवतात. कार्बोरेटरला ते जमत नाही, म्हणून जुन्या जेटवर गाडी थोडी लीन चालते : सकाळी चोक जास्त वेळ लागतो, पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर अडखळते, प्लग फिकट पडतो.

ही तिन्ही लक्षणं असतील तरच सुईचा क्लिप एक खाच खाली सरकवून बघा. क्लिप खाली म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त. काही गाड्यांच्या सुईला एकच खाच असते. तिथे जाणत्या मेकॅनिककडून जेटचा पुढचा आकडा लावून घ्या. लक्षणं नसतील तर काहीही बदलू नका.

रबराचं मात्र टाळू नका. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि ओ-रिंग इतकं इथेनॉल गृहीत धरून केलेल्या नव्हत्या. नळी बोटांत दाबून बघा. चिकट, फुगलेली किंवा चिरलेली असेल तर इथेनॉल सोसणारी नळी टाका. इथेनॉल पाणीही धरतं. गाडी गावी ठेवून तुम्ही नोकरीसाठी शहरात असाल आणि ती महिना महिना उभी राहत असेल, तर निघताना कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करा. कोकणातल्या दमट हवेत तर हे चुकवूच नका.

शॉकअप : 'कडक' म्हणजे नेमकं काय?

मागच्या शॉकअपची पायऱ्यांची रिंग फिरवली की शॉकअप कडक होतो, असा पक्का समज आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेढ्यांवर ठरतो आणि रिंग फिरवून तो बदलत नाही. रिंगमुळे स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडीची मागची उंची वाढते, इतकंच. दणके बसतात की गाडी डुलते यावर उपाय वेगवेगळे आहेत.

पहिली तपासणी टायरची. हवा थंड टायरमध्ये, चेनगार्डवरच्या किंवा मॅन्युअलमधल्या आकड्याइतकी. 'गाडी हलकी पळते' म्हणून जादा हवा भरली असेल, तर शॉकअपला दोष देण्यात अर्थ नाही.

नंतर गाडी किती दबते ते मोजा. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक लोंबकळू द्या. चाकाच्या आसापासून सरळ वर, सीटखालच्या एका पक्क्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. आता गाडी स्टँडवरून उतरवून सरळ उभी धरा, हेल्मेट आणि नेहमीच्या सामानासह बसा आणि दुसऱ्या माणसाला तेच अंतर मोजू द्या. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश हवा. समजा प्रवास ९० मिलिमीटर आहे, तर २२ ते ३० मिलिमीटर. जास्त दबत असेल तर रिंग एक पायरी वर, कमी दबत असेल तर खाली. दोन्ही बाजूंना पायरी एकच.

एकट्याने ऑफिसला जाणाऱ्याला पहिली-दुसरी पायरी सहसा पुरते. रोज दोघं बसत असाल, दुधाचे कॅन किंवा गॅसचा सिलिंडर नेत असाल, तर माप पुन्हा त्या वजनासह घ्या. सर्वांत वरच्या पायरीवरही गाडी मापापेक्षा जास्त दबत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा वजन गाडीच्या क्षमतेबाहेर आहे.

आता डॅम्पिंग. सीटवर जोराने दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर शॉकअपमधलं तेल किंवा व्हॉल्व्ह संपला आहे आणि रिंग कितीही फिरवून तो परत येणार नाही. मागचे शॉकअप 'भरून' देणारे कारागीर आहेत, पण बहुतेक साध्या गाड्यांचे शॉकअप उघडण्यासाठी केलेले नसतात. ते मी सुचवणार नाही. नवे घ्या आणि जोडीनेच घ्या. शॉकअप दोषी ठरवण्यापूर्वी चिमट्याचे बुश मात्र तपासा : डबल स्टँडवर मागचं चाक धरून आडवं हलवा. चिमटा खुळखुळत असेल तर वळणावर गाडी पोहणार, शॉकअप कितीही नवे असले तरी.

पुढचा फोर्क

बहुतेक जुन्या गाड्यांत पुढे फिरवायला काहीच नसतं. तिथे डॅम्पिंग तेलावर चालतं आणि हेच तेल वर्षानुवर्षं बदललं जात नाही. ब्रेक दाबला की नाक एकदम खाली जाणं आणि खड्ड्यानंतर हँडल डुलणं, ही जुन्या तेलाची लक्षणं आहेत.

- इंजिन ऑइल ओतू देऊ नका. ते जाड असतं आणि फोर्क ओळीने येणाऱ्या खड्ड्यांत परत वर यायला उशीर करतो. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं फोर्क ऑइल घ्या.
- दोन्ही पायांत सारखं तेल, मापाच्या नळकांड्याने. फोर्क पूर्ण उघडून धुतला असेल तर तेल जास्त लागतं, नुसतं बदलताना कमी, कारण जुनं थोडं आत राहतंच. मॅन्युअलमध्ये दोन वेगळे आकडे असतात ते यासाठी.
- वरचं झाकण उघडताना पुढचं चाक उचललेलं हवं आणि चेहरा बाजूला. आतली स्प्रिंग झाकण उडवते.
- सील गळत असेल तर लगेच नवं टाकू नका. धुळीचा कण अडकला असेल तर पातळ, स्वच्छ प्लास्टिकची पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवली की गळती थांबते. तरीही गळत असेल तर पाइपवरून नख फिरवा. नख अडकलं म्हणजे क्रोमला खड्डे पडले आहेत आणि ते नवं सीलही फाडतील. आधी पाइपचं बघा.
- तेल ब्रेकवर उतरलं असेल तर गाडी चालवू नका. मागचा ब्रेक आहे म्हणून निभेल असं समजू नका, मुख्य ब्रेक पुढचाच.

शेवटी कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं वाटलं तर बॉल रेसवर खड्डे पडले आहेत. ती बदलावी लागते, आवळून उपयोग होत नाही.

गॅरेजमध्ये काय मागायचं

ही कामं तुम्ही स्वतः करावीत असा आग्रह नाही. कार्बोरेटर जमू शकतो, पण फोर्क उघडण्यासाठी अवजारं आणि सराव लागतो. काम देताना मात्र हे ठरवून घ्या :

- काम आणि अंदाजी खर्च कागदावर. वाढीव काम निघालं तर आधी फोन.
- बदललेले सुटे भाग परत. जुने जेट, पिन, सील तुमचे आहेत. मूळ कार्बोरेटर 'घासून गेला' म्हणून ठेवून घेतला जात असेल तर ठाम नकार द्या.
- आधीचे आणि नंतरचे आकडे : स्क्रूचे वळसे, जेटचा नंबर, फोर्क ऑइलची ग्रेड आणि मिलिलिटर.
- बिल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेचं बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

काम सदोष निघालं तर आधी लेखी तक्रार गॅरेजला द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. बिल नसेल तर तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

पीयूसी आणि आरटीओ

पीयूसीची चाचणी आयडलवर होते, म्हणजे मिश्रणाचा स्क्रू तिथे थेट दिसतो. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३१ मार्च २००० पूर्वी बनलेल्या दुचाकींना ४.५ टक्के आणि त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना ३.५ टक्के आहे. गाडी पूर्ण गरम करूनच केंद्रावर न्या आणि चिठ्ठीवरचा आकडा तुमच्या वहीत उतरवा. ट्यूनिंग बरोबर झालं का, याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही.

दुसऱ्या मॉडेलचा फोर्क किंवा वेगळी चौकट बसवण्याचा मोह होत असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी लक्षात घ्या. नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय चालत नाही. नोंदणीला पंधरा वर्षं होत आली असतील तर मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीला नेण्यापूर्वी फोर्कची गळती, कोनसेट आणि ब्रेक उरकून घ्या, पीयूसी ताजी काढा आणि सगळी बिलं गाडीच्या कागदांसोबत ठेवा.